मुखरूभाऊंचा डावा कान

मुखरूभाऊंच्या डाव्या कानात जो कापूस राहिला, तो माझा होता. काडीही माझीच. कान तेवढा त्यांचा.

दिवाळी नुकतीच झाली होती, गावची मंडई, म्हणजे भाऊबीजेनंतरची आमची जत्रा, तोंडावर आली होती आणि आमच्या शाळेच्या व्हरांड्यात नाटकाची तालीम चालली होती. मुखरूभाऊ मधूनमधून डाव्या कानात करंगळी घालत आणि ती अशी जोरात हलवत, की वाटावं, आत पाणी लागतंय का ते बघतायत.

"काय झालं मुखरूभाऊ?"

"खाजून राह्यला जी, गुरुजी. भरल्यावानी वाट्टे."

दुसऱ्याच्या दुखण्यावर उपाय सुचला की माझ्या हाताला दम धरवत नाही. मी आगपेटीतली काडी काढली, गुलाची बाजू चिमटीत धरली (इतपत अक्कल होती), दुसऱ्या टोकाला कापूस गुंडाळला, मुखरूभाऊंचं डोकं उजेडाकडे वळवलं आणि काडी आत सारून गरगर फिरवली. काडी बाहेर आली. एकटीच आली.

"निघालं काय काई?" मुखरूभाऊंनी विचारलं.

"निघेल," मी म्हणालो.

"काय म्हन्ता?"

"निघेल म्हणतो!"

"मोठ्यानं बोला ना जी. कानात काऊन सांगून राह्यले?"

मी कानात सांगत नव्हतो. चांगला ओरडत होतो. इतका, की समोरच्या चिंचेवरचे बगळे उठले.

आता कुणी म्हणेल, एका कानाचं एवढं काय घेऊन बसलात? देवानं दुसरा दिलाय की. पण हे म्हणणारा माणूस झाडीपट्टीतला नव्हे. आमच्याकडे नाटक पाठ करायची रीत नाही. पाठ करायचे ते पाढे. नाटक बोलायचं असतं. नट दिवसभर धान कापणार, भारे बांधणार, खळ्यावर राबणार, तो पाठांतर कधी करणार? म्हणून पडद्याआड एक माणूस पुस्तक घेऊन बसतो. आधी तो वाक्य म्हणतो, मागून नट म्हणतो. त्याला प्रॉम्प्टर म्हणतात. गावात वाचता येणारे पुष्कळ होते, पण सूर्य उगवेपर्यंत वाचत बसण्याइतका रिकामा मी एकटाच, म्हणून ती गादी माझ्याकडे होती. आणि गादी होती डाव्या विंगेत. उजवीकडे ऑर्गन आणि तबला. तिथे बसून मी प्रॉम्प्ट केलं असतं तर ते फक्त तबलजीला ऐकू गेलं असतं, आणि त्याला नाटकात काम नव्हतं. थोडक्यात, आमच्या नटाचा उजवा कान टाळ्यांसाठी आणि डावा नाटकासाठी.

तो डावा मी बुजवून ठेवला होता.

मुखरूभाऊ धानाच्या गिरणीवर कामाला होते. गिरणीच्या खडखडाटावर मात करून करून त्यांचा आवाज असा झाला होता, की ते घरी मीठ मागत तेव्हा शेजारचे आणून देत. कोंडा सगळीकडे. केसांत, मिशीत, भुवयांवर. अन्नपूर्णाबाई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायच्या, "सकाळी नवरा धाडतो, सांजेले सासरा घरी येते." आंघोळीनंतर नवरा परत मिळे. कोंडा कानातही जात असणार हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण कानात बघतो कोण?

नाटकात मुखरूभाऊ कायम मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार. नाटक कुठलंही असो. त्या वर्षीच्या नाटकाचं नाव सांगत नाही, पण त्यात कुंकू, सूड आणि अश्रू हे तिन्ही शब्द होते आणि मालगुजारही होता. नसता तर आम्ही घातला असता. मुखरूभाऊंच्या वडिलांची निम्मी उमर खऱ्या मालगुजाराच्या दारावरून चपला हातात घेऊन जाण्यात गेली. छप्पन साली ते चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, जाऊन बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेऊन आले, आणि परत येताना त्याच दारावरून गेले ते चपला पायात ठेवून, जरा जास्तच आवाज करत. लहानगा मुखरू बापाचं बोट धरून दोन्ही चाली शिकला होता. मालगुजार खाकरतो कसा, पानाचा डबा उघडून दुसऱ्याला न देता बंद कसा करतो, समोरच्याचं नाव माहीत असून विसरल्यासारखं कसं करतो, हे सगळं त्यानं तेव्हा बघून ठेवलं आणि मोठेपणी मंडईत काढून दाखवलं. खुद्द त्या मालगुजाराचा नातू दरवर्षी पुढच्या रांगेत बसायचा, पोट धरून हसायचा आणि शेजाऱ्याला सांगायचा, "आजोबा असेच होते. थोडे कमी वाईट."

मी पुस्तकातलं वाक्य म्हणायचो आणि मुखरूभाऊंच्या तोंडून जे यायचं, त्याचा पुस्तकाशी दूरच्या पाहुण्यासारखा संबंध असायचा. सुरुवात माझी, पुढचं सगळं त्यांचं. याला मी प्रतिभा म्हणत असे.

त्या वर्षी एक गोष्ट निराळी होती. उन्हाळ्यात त्यांच्या कमलाचं लग्न घुग्घुसला झालं. व्याही कोळसा खाणीत नोकरीला, शिफ्टवर मोटारसायकलनं जाणारे. लग्नात व्याह्यांनी खाणीतल्या मशिनी, क्वार्टर, पगारी सुट्टी असं बरंच काही सांगितलं, तेव्हा आपलं काहीतरी सांगायला हवं म्हणून मुखरूभाऊ बोलून बसले, "मंडईले या तुमी. मालगुजार मी असतो." व्याह्यांनी ते कॉलनीभर सांगितलं. आता ते सगळं बिऱ्हाड घेऊन येणार होते. कमलानं निरोप धाडला होता, "बाबा, मामंजी रोज इच्यारते, तुहा बाप खरंच नट हाय काय म्हनून."

आणि मुखरूभाऊंच्या कानात कापूस.

दुसऱ्या दिवशीची तालीम मी जन्मात विसरणार नाही. पहिल्याच प्रवेशात नायकाचा बाप येतो आणि मालगुजार त्याला "या, बसा" म्हणतो. मी म्हटलं, "या, बसा." मुखरूभाऊ उभे. मी पुन्हा म्हटलं. मुखरूभाऊ माझ्याकडे बघून गोड हसले. रंगमंचावर गप्प उभं राहिलं की लोक शिट्या मारतात, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी कमरेचं लाकडी पिस्तूल काढलं आणि बापाला गोळी घातली.

हा बाप तिसऱ्या अंकापर्यंत जगणार होता. नायकाचं लग्न त्यानंच लावायचं होतं.

"अबे, मले आत्ताच काऊन मारलं?" बापानं पडल्या पडल्या विचारलं.

हे मात्र उजव्या कानानं ऐकलं. "कोनी काई सांगूनच नाई राह्यलं," मालगुजार म्हणाले, "तं म्हटलं, मारून टाकू."

नाट्यमंडळाचे अध्यक्ष बापूराव किराणा दुकान सोडून तालमीला येऊन बसले होते. त्यांनी बिडी विझवली. "मुखरू, तुह्या कानाचं पाह्य बाबू. नाईतं घुग्घुसचा एक नट तयार हाय. मंडईच्या दिवशी सकाळी येते, सांजेले उभा राह्यते. तू मंग पाहुन्याइले पानसुपारी दे."

चौकशी केली तेव्हा तो घुग्घुसचा नट व्याह्यांच्याच कॉलनीतला निघाला. म्हणजे व्याही इतक्या लांबून यायचे, शेजाऱ्याला मालगुजार म्हणून बघायचे आणि मुखरूभाऊंच्या हातचं पान खायचे. मुखरूभाऊ त्या रात्री जेवले नाहीत असं अन्नपूर्णाबाईंनी सांगितलं. ते माझ्याकडे बघून सांगितलं.

गावात उपायांना तोटा नव्हता. एक म्हणाला लसूण घालून उकळलेलं तेल ओता, दुसरा सायकलचा स्पोक घेऊनच आला, तिसऱ्याच्या मते नाक दाबून जोरात फुंकलं की कापूस गोळीसारखा सुटतो. अन्नपूर्णाबाई दारात उभ्या राहिल्या. "आता कोनी यायच्या कानाले हात लावला तं बोट मोडून हाती देईन. गुरुजी, तुमचं बी."

मग मी सायकल काढली. मुखरूभाऊ मागे कॅरियरवर. चामोर्शीच्या दवाखान्यापर्यंत मला पापाचं वजन म्हणजे काय ते नेमकं कळलं.

दवाखान्यात डॉक्टर बदलत, रशिदा सिस्टर राहत. त्यांचा आवाज असा, की अर्धे बहिरे तो ऐकूनच बरे व्हावेत. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नजर टाकून आम्हाला सिस्टरकडे पाठवलं. त्यांनी मुखरूभाऊंना खिडकीशी बसवलं, कानाची पाळी वर आणि मागे ओढली, बॅटरी मारली. मग बारीक चिमट्यानं माझा कापूस काढून माझ्यासमोर धरला.

"ही कोनाची कारागिरी?"

मुखरूभाऊंनी मोठ्या मनानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"गुरुजी, शाळेत पोरायचे बी कान साफ करता काय तुमी?"

"छे छे," मी म्हणालो. "पिळतो फक्त."

"मंग पिळतच जा. आत जाऊ नका."

कापूस निघाला म्हणून मुखरूभाऊ उठायला लागले. सिस्टरनं खांद्याला दाबून बसवलं. खरी गंमत पुढेच होती. कापसाच्या मागे मळ होता. वर्षानुवर्षांचा, काळा, गिरणीचा कोंडा खाऊन घट्ट झालेला. "घुग्घुसचं सिमेंट हाय सिमेंट," सिस्टर म्हणाल्या. "थोडी फट होती, तिच्यातून आयकत होते हे. तुमच्या काडीनं ते बी ठोकून बंद केली."

"पिचकारी मारा न् मोकळं करा," मुखरूभाऊ गरजले.

"अशी नाई मारत. दगडावर पानी मारून काय होते? पयले नरम होऊ द्या." मग त्यांनी उजव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, कान कधी वाहिला होता का, पू, रक्त, लहानपणी पडदा फुटला वगैरे होता का. तसं असतं तर कानात थेंबही नाही आणि पाणीही नाही, सरळ चंद्रपूरच्या मोठ्या डॉक्टरकडे. मुखरूभाऊंनी नाही म्हटलं. मग सोडा-ग्लिसरीनची बाटली दिली. कुशीवर निजायचं, थेंब घालायचे, तसंच पडून राहायचं, आणि बाजाराच्या दिवशी परत यायचं.

"आन् आयका. थेंबानं मळ फुगते. आत्ता हाय त्याहून जास्त बहिरे व्हाल. घाबरून काड्या नका करू."

मुखरूभाऊंनी जोरजोरात मान डोलावली. ऐकू आलं म्हणून नव्हे. सिस्टरसमोर सगळेच डोलावत.

अन्नपूर्णाबाई बाटली आधी मुठीत धरून कोमट करायच्या आणि मग थेंब सोडायच्या. मुखरूभाऊ अंगणात खाटेवर उजव्या कुशीवर पडून राहत, आणि येणारा-जाणारा वाकून कानात बघून जाई, जणू आत काही उगवणार होतं. उगवलं काही नाही. मळ मात्र सिस्टरच्या शब्दाला जागला. तो असा फुगला, की मुखरूभाऊंच्या डाव्या बाजूचं जगच बंद झालं. बैल डाव्या बाजूनं आला तर ते सरकेनात. मी फुगण्याचं सांगून सांगून थकलो, पण डाव्या बाजूनं सांगितलेलं पोचत नव्हतं आणि उजव्या बाजूनं सांगितलेलं पटत नव्हतं.

"तुमी न् थे बाई मिळून माह्या कानाचा सत्यानाश करून राह्यले," ते म्हणाले. तिकडे बापूरावांनी घुग्घुसला निरोप धाडायला माणूस शोधायला सुरुवात केली.

बाजाराच्या दिवशी आम्ही चामोर्शीला पोचलो. दवाखान्याची वाट बाजारातून जाते, आणि त्या वाटेवर, मिरचीच्या ढिगांच्या पलीकडे, लाल पगडीवाला एक कान साफ करणारा बसला होता. समोर पितळेच्या सळया, चिमटे आणि कुठल्या कुठल्या रंगाच्या बाटल्या. मुखरूभाऊ कॅरियरवरून उतरले ते थेट त्याच्यापुढे जाऊन बसले.

"मुखरूभाऊ, सिस्टरनं काड्या नको म्हटलंय!"

"तुमची होती थे काडी. हे पितळ हाय," ते म्हणाले.

पगडीवाल्यानं त्यांचं डोकं मांडीजवळ घेतलं. हात मोठा सफाईदार. सळई कानाशी गेली न गेली, आणि त्यानं बोराच्या बीएवढा खडा काढून तळहातावर ठेवला. भोवतीच्या लोकांनी तोंडात बोटं घातली. "देखो साहब, ये था अंदर! इतने साल से!"

मुखरूभाऊ खडा बघत राहिले. मग त्यांनी हळूच हात वर नेऊन आपला कान चाचपला.

"हा तं उजवा हाय."

"जी साहब."

"उजव्यानं मले सगळं आयकू येते."

पगडीवाल्यानं सळई पुसली. "अब और आयेगा," म्हणाला.

मुखरूभाऊ उठले, धोतर झटकलं आणि त्याला दोन्ही हात जोडून नमस्कार केला, एका नटानं दुसऱ्याला करावा तसा. मला म्हणाले, "चला गुरुजी. हा गडी आपल्या मंडळात पायजे होता."

दवाखान्यात सिस्टरनं पाणी कोमट केलं, मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघितलं. थंड किंवा गरम पाणी आत गेलं तर माणसाला चक्कर येऊन तो खाली बसतो म्हणे. मला काजूच्या आकाराचं स्टीलचं भांडं देऊन मुखरूभाऊंच्या गालाखाली धरायला लावलं. "हलू नका. तुमाले एवढं तं जमल." मग कान ओढून पिचकारी. जोर नाही, घाई नाही. धार कानाच्या वरच्या बाजूनं, पडद्यावर थेट नाही. दुखलं तर हात वर करा म्हणाल्या. पहिलं पाणी तसंच परत आलं. दुसरं जरा मळकट. मुखरूभाऊंनी डोळे मिटले होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं बुद्धवंदना म्हणतायत. नंतर कळलं, व्याह्यांना शिव्या देत होते.

मग भांड्यात टप्पकन काहीतरी पडलं.

मी बघितलं. चिंचोक्याएवढं, काळं, वर सोनेरी कोंड्याची कलाकुसर. अर्ध्या गावाचं धान त्यातून गेलं असावं.

मुखरूभाऊंनी डोळे उघडले. पंख्याकडे बघितलं. "हा कुईकुई करते काय?"

"दोन वर्षांपासून करून राह्यला," सिस्टर म्हणाल्या.

"बाई, तुमी एवढ्या ओरडून काऊन बोलता?"

सिस्टर त्यांच्या स्वभावाविरुद्ध हसल्या. पुन्हा बॅटरी मारून आत पडदा धड असल्याची खात्री केली, कान बाहेरून पुसला आणि बजावलं: गिरणीवर कानाला दुपट्टा बांधा, कानात बोट नाही, काडी नाही, तेलाच्या धारा नाहीत, मळ आपोआप बाहेर येतो, त्याला वाट ठाऊक असते. "आन् मंडईले मले पुढची खुर्ची पायजे. एवढी मेहनत केली, तं आयकू काय येते थे पाहीन."

मंडईला व्याही आले. पुढच्या रांगेत व्याही, विहीणबाई, कमला, पलीकडे रशिदा सिस्टर, मालगुजाराचा नातू. नायिका नागपूरहून संध्याकाळच्या एसटीनं उतरली होती, तिनं अजून नायकाचं तोंडही पाहिलं नव्हतं. पडदा वर गेला. मी डाव्या विंगेत कंदील लावून सज्ज.

मुखरूभाऊ आले. मी वाक्य म्हटलं. त्यांनी ते म्हटलं. जसंच्या तसं, एकही शब्द न गाळता. "हे अधमा, माझ्या सहनशीलतेचा अंत पाहू नकोस." मला इतका आनंद झाला, की पुढचं वाक्य मी अधिकच भावनेनं म्हटलं. तेही आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुस्तक आणि मालगुजार एका वाटेनं चालले होते.

लोक मात्र पंधरा ऑगस्टचं भाषण ऐकावं तसे ऐकत होते. व्याह्यांनी जांभई दिली. कमलानं मान खाली घातली. मागून कुणीतरी ओरडलं, "अबे मुखरू, गिरनी बंद पडली काय?"

मुखरूभाऊ थांबले. मी घाईघाईनं पुढचं वाक्य दिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी ते आणखी मोठ्यानं दिलं. मग ते माझ्याकडे पाठ करून संथपणे पलीकडे गेले, ऑर्गनच्या बाजूला. तिथे उभं राहून खाकरले. पानाचा डबा उघडला, नायकाच्या बापापुढे धरला, त्यानं हात पुढे केल्याबरोबर टपकन बंद केला.

"कोनाचा रे तू? तुह्या बापाचं नाव काय म्हटलं? आमच्या दारावरून जात होता थो? चपला कुठी हायेत तुह्या? पायात? मंग हातात काय धरलं, हवा?"

सगळं मैदान हसलं. नातू खुर्चीवरून पडायच्या बेतात आला. व्याही उठून उभे राहिले आणि मागच्यांनी "बसा बसा" म्हणून ओरडलं, तरी बसले नाहीत. मी पुस्तकातली वाक्यं म्हणतच होतो, कारण ते माझं काम होतं. काही वेळानं पुस्तक मिटलं आणि मीही बघत बसलो. नायकाचा बाप तिसऱ्या अंकापर्यंत जगला.

उजाडलं तेव्हा चहाच्या टपरीवर व्याही मुखरूभाऊंचा हात सोडायला तयार नव्हते. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "आमचे व्याही हायेत हे, आमचे." बापूरावांनी चहा आपल्याकडून सांगितला. मी कप घेऊन मुखरूभाऊंच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. माझा आवाज पार बसला होता.

"मुखरूभाऊ, मी तिथे घसा फोडून वाक्यं सांगत होतो. ऐकू येत नव्हतं काय?"

"आयकू आलं ना जी, गुरुजी. म्हनूनच नाई बोललो."